मापात पाप नाही, तरी भोकं नापास? पोझिशन टॉलरन्सच्या दोन ओळी

नवी_कॅलिपर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

मी क्वालिटीत नवी आहे. एक २० मिमी जाडीची प्लेट आहे, तिच्यात चार आरपार भोकं. भोकाचा व्यास ८.४ ते ८.६. भोकांच्या जागा चौकटीतल्या मापांनी दिल्यात: लांब कडेपासून (डेटम बी, म्हणजे मोजायचा आधार) २० आणि ६०, आखूड कडेपासून (डेटम सी) २० आणि ८०. खालची सपाटी डेटम ए. भोकाखाली पोझिशनची (जागेच्या सुटीची) दोन ओळींची फ्रेम आहे. वरच्या ओळीत व्यास ०.४, गोलात एम, पुढे ए, बी, सी. खालच्या ओळीत व्यास ०.१५, गोलात एम, पुढे फक्त ए. पोझिशनचं चिन्ह एकच, दोन्ही ओळींना मिळून.

दुसऱ्या नंबरचं भोक एक्समध्ये ०.१६ आणि वायमध्ये ०.१७ सरकलंय. मशीनवाले म्हणतात, ०.४ म्हणजे प्लस-मायनस ०.२, दोन्ही मापं आत आहेत, जॉब पास. सीएमएमच्या (मापं घेणाऱ्या मशीनच्या) रिपोर्टात मात्र ०.४६७ असा लाल आकडा आलाय. आणि खालची ओळ कोणाला विचारली की जो तो चहाला निघून जातो. माझा मृदंग झालाय, दोन्हीकडून थापा पडतायत. हे वाचायचं तरी कसं?

आडवा_छेद

आधी लाल आकड्याचं. ०.४ च्या आधी व्यासाचं चिन्ह आहे ना? मग भोकाच्या अक्षाला फिरायला मिळालेली जागा गोल आहे, चौकोनी नाही. ०.४ व्यासाचं वर्तुळ म्हणजे मूळ जागेपासून कुठल्याही दिशेला ०.२. तुमचं भोक एक्समध्येही सरकलंय आणि वायमध्येही, म्हणजे तिरपं अंतर बघायचं. ०.१६ चा वर्ग अधिक ०.१७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ०.२३३. ते दुप्पट केलं की ०.४६७. सीएमएम बरोबर आहे.

प्लस-मायनस ०.२ चा चौकोन काढा आणि त्याच्या आत ०.४ चं वर्तुळ बसवा. चार कोपरे वर्तुळाबाहेर राहतात. तुमचं भोक नेमकं त्या कोपऱ्यात जाऊन बसलंय. मशीनवाल्यांना प्लस-मायनसमध्येच काही सांगायचं असेल तर ०.१४ सांगा, तेवढ्यात राहिले तर कोपराही वर्तुळाच्या आत येतो.

कानस

आमच्या काळी उत्तर सोपं होतं. बसत नाही? भोक मोठं कर. तरी बसत नाही? कानस आण.

गोलातला_एम

कानसराव, तुम्ही गमतीत म्हणालात, पण 'भोक मोठं कर' हेच त्या गोलातल्या एमचं म्हणणं आहे. (आयडी बघून कळलं असेलच की हा माझा जिव्हाळ्याचा विषय.)

०.४ ही सूट भोक सगळ्यात लहान, म्हणजे ८.४ असतानाची आहे. भोक जितकं मोठं भरेल तितकी सूट वाढते. @नवी_कॅलिपर, दोन नंबरचा व्यास किती भरला? तो कळल्याशिवाय पास-नापास काहीच सांगता येणार नाही.

नवी_कॅलिपर

८.५०.

गोलातला_एम

मग ८.५० वजा ८.४० म्हणजे ०.१० जास्तीचे. ०.४ आणि ०.१ मिळून ०.५. तुमचं आलंय ०.४६७. वरच्या ओळीला भोक पास. सीएमएमच्या प्रोग्राममध्ये कोणीतरी एम टाकायला विसरलंय, म्हणून आकडा लाल.

कानस

आता गंमत सोडून. मला हा बोनस प्रकार कधीच पटला नाही. पोरं मुद्दाम ड्रिल वरच्या मापाचं लावतात, भोक ८.५८ करतात आणि मग जागा कशीही सोडतात. टॉलरन्स म्हणजे खिरापत आहे का?

गोलातला_एम

खिरापत नाही, हिशेब आहे. त्या भोकातून काय जाणार? बहुतेक एम८ चा स्क्रू. ८.४ चं भोक ०.४ च्या वर्तुळात कडेपर्यंत सरकलं तरी मध्ये ८.० ची मोकळी जागा उरते. ८.५ चं भोक ०.५ च्या वर्तुळात कडेपर्यंत सरकलं तरी उरते ८.०. स्क्रूला दोन्हीकडे सारखंच. ८.४ वजा ०.४ बरोबर ८.०, हीच तुमच्या गेजच्या पिनची जाडी. बी आणि सीचे थांबे असलेल्या गेजवर ८.० च्या चार पिना बसवा, प्लेट टेकवून खाली सोडा. गेली तर वरची ओळ पास. सीएमएमही नको आणि वर्गमूळही नको.

मात्र भोक डॉवेलचं असेल, म्हणजे त्यानेच दोन भाग एकमेकांत नेमके बसणार असतील, तर तिथे एम टाकणाऱ्या डिझायनरला मीही माफ करत नाही. तिथे भोक मोठं झालं की पार्ट हलतो. तुमचा राग तिथे काढा, पूर्ण पाठिंबा.

कानस

बरं. अर्धं पटलं.

सरफेसप्लेट

थांबा, एवढ्यात पास करू नका. दोन प्रश्न आहेत.

पहिला: सीएमएमने भोक किती उंचीवर मोजलं? टॉलरन्सचं ते वर्तुळ म्हणजे खरं तर सिलिंडर आहे, प्लेटच्या पूर्ण जाडीभर. भोकाचा अख्खा अक्ष त्यात हवा. मी बरीच वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. एकदा जाड ब्लॉकचा अख्खा लॉट रिपोर्टात हिरवा आणि जोडणीत एकही बोल्ट आरपार जाईना. शेवटी एका भोकात घट्ट बसणारी पिन घातली, बाजूला गुण्या लावला आणि उजेडाकडे धरून बघितलं. पिन आणि गुण्याच्या मध्ये वरच्या टोकाला उजेडाची बारीक पाचर दिसत होती. ड्रिल आत जाताना सरकलं होतं आणि प्रोबने फक्त वरच्या तोंडाशी चार टिपके घेतले होते. तेव्हापासून वरचं आणि खालचं तोंड दोन्ही मोजल्याशिवाय मी सही केलेली नाही.

दुसरा: ८.५० हे कशाने मोजलं? बोनसासाठी दोन टोकांमधला व्यास चालत नाही. पूर्ण लांबीभर आरपार जाणारी सगळ्यात जाड पिन कोणती, ते माप धरायचं. भोक वाकडं किंवा मध्ये आवळलेलं असेल तर कॅलिपर ८.५० दाखवेल आणि ८.४७ च्या वर पिन जाणार नाही. तुमचा बोनस तिथेच आटला.

तीन_पाय

+१. सीएमएम नसेल तरी अडत नाही. भोकात घट्ट पिन घालायची, जॉब एका कडेवर सरफेस प्लेटवर उभा करायचा, हाइट गेजने पिनचा माथा घ्यायचा आणि अर्धा व्यास वजा करायचा. मग जॉब फिरवून दुसऱ्या कडेवर तेच. माझी निम्मी नोकरी यातच गेली.

जुनी_पानं

अवांतर: चौकोनाऐवजी गोल जागेची ही कल्पना मांडण्याचं श्रेय स्टॅनली पार्कर यांना देतात. स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडो कारखान्यात ते होते. प्लस-मायनसच्या हिशेबात नापास ठरलेले भाग जोडणीत मात्र व्यवस्थित चालतायत, हे त्यांना दिसलं. १९४० च्या सुमारास त्यांचं लेखन बाहेर आलं. हिशेब साधा आहे: चौकोनाचे कोपरे चालत असतील तर तेवढ्याच अंतरावर बाकीच्या दिशाही चालायला हव्यात. चारही कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ काढलं तर जागा चौकोनाच्या ५७ टक्के जास्त मिळते. म्हणजे प्लस-मायनस ०.२ ऐवजी व्यास ०.५६ देता येतो.

नवी_कॅलिपर

@सरफेसप्लेट, तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. फक्त वरच्या तोंडाशीच मोजलं होतं. उद्या खालून आणि पिना घालून बघते.

पण ती खालची ओळ? माझा मुख्य प्रश्न तोच होता.

तिरपा_डोळा

त्या ओळीवर मीही दोन वर्षं डोकं आपटलं, म्हणून जरा सविस्तर.

वरची ओळ विचारते, 'चारही भोकं कडांपासून योग्य जागी आहेत का?' सूट ढिली, ०.४. खालची ओळ विचारते, 'कडा सोडा, भोकं आपसात नीट आहेत का?' सूट आवळलेली, ०.१५. खालच्या ओळीत बी आणि सी नाहीत, म्हणजे चारही भोकांचा गट अख्खा सरकला किंवा जरासा फिरला तरी तिची तक्रार नाही. ए आहे, म्हणून सपाटीशी काटकोन मात्र हवा.

हे हाताने करून बघा, कायमचं डोक्यात बसेल. आलेखाच्या कागदावर एक बिंदू घ्या, तो प्रत्येक भोकाची मूळ जागा. चारही भोकं किती सरकली ते त्याच एका बिंदूपासून मोठ्या मापात मांडा, समजा ०.०१ ला १ मिमी. चार टिपके मिळतील. आता ट्रेसिंग पेपरवर १५ मिमी व्यासाचं वर्तुळ काढा आणि टिपक्यांवर सरकवत न्या. चारही टिपके एकदम आत येतील अशी एक तरी जागा सापडली की खालची ओळ पास. वरच्या ओळीसाठी ४० मिमीचं वर्तुळ, पण त्याला सरकायची मुभा नाही, केंद्र मूळ बिंदूवर खिळलेलं. बोनस असेल तर प्रत्येक टिपक्याला त्याचं त्याचं वर्तुळ तेवढं मोठं.

पद्धत जुनी आहे, पण सॉफ्टवेअरचा 'बेस्ट फिट' आतून हेच करतो. गट फिरवण्याची मुभा तेवढी कागदावर दाखवता येत नाही.

शून्य_शून्य

एक सुधारणा, किंवा सावधगिरी म्हणा. हे सगळं एकच चिन्ह दोन्ही ओळींना असेल तर. चिन्ह दोनदा काढलं असेल, म्हणजे प्रत्येक ओळीला स्वतंत्र, तर अर्थ बदलतो. तेव्हा खालच्या ओळीत लिहिलेला डेटम जागेलाही बांधतो. एकाच चिन्हाखालच्या ओळीत 'ए, बी' असेल तर बी फक्त गट वाकडा फिरू देत नाही, अंतराला काही विचारत नाही. दोन चिन्हं असतील तर तोच बी अंतरही ०.१५ मध्ये मागतो. ड्रॉइंगवर फरक केवढा, चिन्हाच्या घरातल्या एका आडव्या रेघेचा.

पान_उलटा

आणि हे सगळं एएसएमईचं (अमेरिकन स्टँडर्डचं) व्याकरण आहे, ते कोणी बोललंच नाही! ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कुठलं स्टँडर्ड लिहिलंय? आयएसओ असेल तर प्रत्येक ओळ स्वतंत्र. त्याहून वाईट म्हणजे २०१८ च्या आयएसओ ५४५८ प्रमाणे फ्रेममध्ये सीझेड (कंबाइंड झोन, म्हणजे सगळ्यांची मिळून एक सूट) लिहिल्याशिवाय चार भोकं म्हणजे गट धरलाच जात नाही. एकट्या ए ला धरून व्यास ०.१५ आणि सीझेड नाही, म्हणजे प्रत्येक भोक सपाटीला काटकोनात हवं, बस. आपसातलं अंतर कोणीच बघत नाही.

शून्य_शून्य

मुद्दा मान्य, 'त्याहून वाईट' अमान्य. आयएसओ निदान लिहिलं तेवढंच धरा म्हणतं. एएसएमईत 'चार ठिकाणी' लिहिलं की गट आपोआप झाला. एकाच डेटमवरच्या दोन वेगळ्या फ्रेम असल्या तर त्याही एकदम तपासायच्या, आणि हे नवख्याला कोणी सांगतच नाही.

पान_उलटा

आपोआप होतं तेच बरं. डिझायनर सीझेड लिहायला विसरतोच. मी विसरलोय.

शून्य_शून्य

कबुलीबद्दल धन्यवाद. :)

नवी_कॅलिपर

कोपऱ्यात एएसएमई वाय १४.५, २००९ आहे.

पान_उलटा

मग तिरपा_डोळा यांचं उत्तर जसंच्या तसं लागू. माझी तलवार म्यान.

घाई_घाई

मी तर म्हणतो डेटमचाही बोनस मिळवा. डेटम भोक मोठं असेल तर तेवढी सूट प्रत्येक भोकाला वाढवायची. आम्ही एक्सेलमध्ये सरळ बेरीज करतो.

गोलातला_एम

ती एक्सेल आजच बंद करा. एक तर इथे डेटम भोक नाहीच, सपाटी आणि दोन कडा आहेत. आणि डेटम भोक असतं, त्याच्यापुढे एम असता, तरी त्या ढिलाईने अख्खा गट एकत्र सरकतो. प्रत्येक भोकाला आपापल्या दिशेने पळायची परवानगी मिळत नाही. एक डावीकडे आणि दुसरं उजवीकडे सरकलेलं असेल तर गट कुठेही सरकवला तरी एकाचं सुधारताना दुसऱ्याचं बिघडणार. बेरीज केलीत तर नापास जॉब पास होऊन जातील.

घाई_घाई

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(आणि एक्सेल बघतो.)

मळसूत्र

सगळे स्क्रू आरपार जाईल असं धरून चाललेत. समोरच्या पार्टमध्ये काय आहे? तिकडेही साधं भोक आणि मागून नट असेल तर ८.४ वजा ८ म्हणजे ०.४ ची सूट दोन्ही पार्टना प्रत्येकी मिळते. समोर आटे पाडलेले असतील तर स्क्रू तिथे पकडला जातो, मग तेच ०.४ दोघांत वाटून घ्यायचे. इथे भोकं आपसात ०.१५ मध्ये मागितलीत, म्हणजे बहुतेक उरलेले ०.२५ आट्यांच्या भोकांना दिले असावेत. ते खरं असेल तर खालची ओळ जोडणीसाठी आणि वरची प्लेटच्या कडा बरोबर दिसाव्यात म्हणून. डिझायनरने विचार केलाय, शिव्या देऊ नका.

आटे असतील तर त्यांच्या फ्रेममध्ये गोलात पी आहे का तेही बघा. आट्याचं भोक जरासं कललं की स्क्रू बाहेर निघेपर्यंत ते कलणं वाढत जातं. पी असला की टॉलरन्सचा सिलिंडर बाहेर, तुमच्या प्लेटच्या २० मिमी जाडीत तपासायचा.

नुसता_वाचक

डोक्यावरून गेलं, पण वाखुसा (वाचनखूण साठवली).

नवी_कॅलिपर

आले परत. समोरच्या पार्टमध्ये आटेच आहेत आणि फ्रेममध्ये गोलात पी २० आहे! मळसूत्र, दंडवत.

आता आकडे. वरच्या तोंडाशी एक्स आणि वाय, सगळे अधिक, म्हणजे कडांपासून लांब:
पहिलं ०.१२, ०.१५, पिन ८.४६.
दुसरं ०.१६, ०.१७, पिन ८.५० गेली, ८.५१ अडकली.
तिसरं ०.१०, ०.१९, पिन ८.४८.
चौथं ०.०८, ०.१३, पिन ८.४५.

खालच्या तोंडाशी बाकी तिघं तशीच आहेत, दुसरं मात्र ०.१७, ०.१८.

आडवा_छेद

वरची ओळ. पहिलं ०.३८४, सूट ०.४६. तिसरं ०.४२९, सूट ०.४८. चौथं ०.३०५, सूट ०.४५. तिन्ही पास. दुसऱ्याचं खालचं तोंड ०.४९५, सूट ०.५०. पास, पण पाच मायक्रॉनने. एवढ्याशा फरकावर मी सही करणार नाही. मोजमापाची स्वतःची चूक त्याहून मोठी असू शकते. ८.० च्या पिनांचं गेज असेल तर त्यावर घालून बघा.

तिरपा_डोळा

खालची ओळ. चौघांची सरासरी काढली: एक्स ०.११५, वाय ०.१६०. गट तेवढा मागे सरकवला की वरच्या तोंडाशी पहिलं ०.०२२, दुसरं ०.०९२, तिसरं ०.०६७, चौथं ०.०९२. दुसऱ्याचं खालचं तोंड ०.११७. बोनस न घेताही सगळी ०.१५ च्या आत, गट न फिरवताही. भोकं आपसात सुरेख आहेत. अख्खा गट एकजुटीने ०.११५ आणि ०.१६ सरकलाय.

आणि शून्य_शून्य यांची ती आडवी रेघ आठवा. चिन्हं दोन असती आणि खाली 'ए, बी' असतं, तर वायमधली ही सरक चारही भोकांना भोवली असती. चारही नापास.

सरफेसप्लेट

गट अख्खा सरकलाय म्हणजे ड्रिलचा किंवा मशीनच्या अचूकतेचा दोष नाही. जॉब फिक्स्चरमध्ये बसवण्याचा आहे. आता अधिक-उणे बघा. थांब्यावर चिप अडकली असती तर प्लेट थांब्यापासून दूर राहिली असती आणि कडेपासून भोकाचं अंतर कमी भरलं असतं. तुमचं जास्त भरलंय. प्लेट हवी त्यापेक्षा आत जातेय. एक तर शून्य चुकीचं घेतलंय किंवा थांब्याच्या पिना झिजल्यात. ऑफसेट बघायच्या आधी पिनांवरून नख फिरवून बघा.

नवी_कॅलिपर

नख अडकलं!

बीच्या बाजूच्या दोन्ही पिनांवर प्लेट टेकते तिथे चपटा खड्डा पडलाय, सीच्या पिनवर त्याहून थोडा कमी. मशीनवाल्या दादांनी तिन्ही पिना अर्ध्या फेऱ्याने फिरवून कोरी बाजू पुढे आणली. पुढच्या प्लेटचं सगळ्यात वाईट भोक वर-खाली दोन्ही तोंडांशी मिळून ०.१२. आधीची प्लेट वेगळी काढून ठेवलीय, गेज येईपर्यंत सही नाही. सीएमएमच्या प्रोग्राममध्ये एमही टाकला, दुसरी ओळही टाकली.

दादा आता विचारतायत की मग प्लस-मायनस ०.१४ का सांगितलं होतं, बोनस धरून जास्त मिळतं ना. त्यांना हा धागा वाचायला दिलाय.

कानस

म्हणजे शेवटी पिन फिरवली आणि काम झालं. कानस लागलीच नाही. तीव्र निषेध.